कार्यक्रमाला माणसं येतात, पण बोलत नाहीत : गावातल्या सभा-मेळाव्यांचं समस्या निवारण

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यातल्या गावांमध्ये बचत गटांचे मेळावे, महिला सभा, पाण्याच्या बैठका, शाळेचे पालक मेळावे घ्यायचं काम मी तेरा वर्षांपासून करते. या तेरा वर्षांत एक बिघाड मला इतक्या वेळा भेटला की आता मंडपात पाऊल टाकल्यावर पाच मिनिटांत तो ओळखू येतो. माणसं आलेली असतात, सतरंज्या भरलेल्या असतात, जेवणही चांगलं झालेलं असतं. पण संध्याकाळी वही उघडली की त्यात फक्त मंचावरच्यांचे शब्द. खाली बसलेल्या दीडशे माणसांपैकी एकाचंही वाक्य नाही.

बहुतेक आयोजक याचं खापर लोकांवर फोडतात. “आपले लोक बोलतच नाहीत”, “बायांना काही विचारा, मान खाली”. हे मला पटत नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्री दहाला सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं आणि थंडीत घोंगडी पांघरून माणसं शेवटच्या प्रवेशापर्यंत बसलेली असतात. बसायचा कंटाळा असणारी ही माणसं नव्हेत. दोष कार्यक्रमाच्या बांधणीत असतो आणि तो शोधता येतो. खाली तपासण्या दिल्या आहेत त्या फुकटातल्या आणि सोप्या आधी, अवघड नंतर. याच क्रमाने जा. मी सुरुवातीला उलट्या क्रमाने गेले, खेळ आणि तक्ते विकत घेतले, आणि खरा दोष सभेच्या वेळेत होता.

लक्षणं

पुढच्या दोन रांगा रिकाम्या आणि माणसं कडुनिंबाखाली, भिंतीला टेकून, मोटारसायकलवर बसून ऐकतात. बाया मंडपाच्या टोकाला, बाहेर जायच्या वाटेजवळ बसतात. “कोणाला काही विचारायचं आहे का?” म्हटल्यावर शांतता. बोलणारे तेच चौघे, गाव कोणतंही असो. बाईला नेमका प्रश्न केला तर “आमाले काय इचारता, त्यायले इचारा” असं म्हणून ती शेजारच्या पुरुषाकडे बोट करते. चार वाजले की बाया एकेक करून उठतात. आभार प्रदर्शनाला सूत्रसंचालक आणि मंडपवाला उरतात.

आणि एक खूण, जी बाकी सगळ्यांपेक्षा उपयोगाची आहे. कार्यक्रम संपल्यावर पानठेल्यावर जाऊन दहा मिनिटं उभं राहायचं. बायांचं बोलणं ऐकायचं असेल तर हातपंपावर. तिथे कार्यक्रमातल्या विषयावर तावातावाने बोलणं चाललं असेल, तर विषय बरोबर होता, माणसांकडे सांगायला होतं, फक्त आपल्या मंडपात ते सांगायला जागा नव्हती. अशा वेळी खालच्या तपासण्या कामाच्या. पण पानठेल्यावर कोणी विषयच काढत नसेल, तर विषयच गावाचा नाही. मग मांडणी बदलून काही होणार नाही. गावात परत जा आणि त्यांना कशावर बोलायचं आहे ते विचारा.

पहिली तपासणी : दिवस आणि वेळ

याला पैसा लागत नाही, म्हणून आधी. कापसाच्या वेचणीत बाईला किलोवर पैसे मिळतात. डिसेंबरात सकाळी अकराला मेळावा ठेवला की ती त्या दिवसाची वेचणी सोडून आलेली असते. तिचं अंग मंडपात, लक्ष वावरात. “बाई, आज कापूस सोडून आलो” असं एकीने मला सांगितलं, तेव्हा प्रमुख पाहुणे यायचे होते आणि दीड वाजला होता. त्यानंतर तिने काही सांगावं ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने केली असती?

म्हणून तारीख ठरवण्याआधी हे बघा: त्या गावचा आणि शेजारच्या मोठ्या गावचा बाजार कोणत्या दिवशी. सोयाबीन काढणी, वेचणी चालू आहे का. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात असाल तर धानाची रोवणी, गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. गावात मयत झाली आहे का. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर पुरुष रात्रभर ओलितावर होते हेही लक्षात घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये माणूस फक्त घाम पुसतो. सकाळी साडेसात ते दहा, नाहीतर उन्हं उतरल्यावर.

आणि सांगितलेल्या वेळेला सुरू करा. पाहुणे येवोत न येवोत. दोनदा वेळेवर सुरू केलं की तिसऱ्यांदा गाव वेळेवर येतं. हे मी चार गावांत बघितलं आहे.

दुसरी : जागा कोणाची आहे

मांडणीच्या आधी जागा. देवळात सभा ठेवली की पाळी चालू असलेल्या बाया घरीच राहतात आणि कारण कोणी सांगत नाही. पाटलाच्या वाड्यावर ठेवली की एक वस्ती येत नाही, एखाद्या समाजाच्या मंदिरात ठेवली की दुसरी येत नाही. शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायतीचं आवार, अंगणवाडीसमोरचं मैदान, ही सगळ्यांची जागा. तिथे सावली नसेल तर हिरवी जाळी बांधा, पण जागा सोडू नका. पायऱ्या किती, काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्याला चढता येतं का, जवळ संडास उघडा आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या. संडासाला कुलूप असलं की बाया तासाभरात उठतात. त्या कंटाळल्या असं आपण समजतो.

तिसरी : कोण कशावर बसलं आहे

मंचावर सोफा, पुढे पुरुषांना खुर्च्या, मागे बायांना सतरंजी. या मांडणीने कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं हे एकही शब्द न उच्चारता सांगून टाकलेलं असतं. जमिनीवर बसलेल्या बाईने खुर्चीवरच्या सासऱ्याच्या पाठीकडे बघत बोलायचं, हे कसं होणार?

एकतर सगळे खुर्चीवर, नाहीतर सगळे सतरंजीवर, पाहुण्यांसकट. ज्याचे गुडघे दुखतात त्याच्यासाठी कडेला चार खुर्च्या, वयाला मान देऊन. सतरंज्या रांगेत न टाकता घोड्याच्या नालेसारख्या टाका, म्हणजे माणसांना एकमेकांची तोंडं दिसतात. रांगेत बसलेल्याला पुढच्याची फक्त मान दिसते, आणि मानेशी कोणी बोलत नाही.

वस्तीवस्तीचे लोक वेगवेगळे बसतात का, चहाचे कप वेगळे निघतात का, यावर डोळा ठेवा. हे दिसलं तर माइकवरून भाषण देऊ नका. पुढच्या वेळी चहा वाटायचं काम दोन्ही वस्त्यांतल्या पोरांच्या जोड्या लावून द्या. तेवढ्यानेही बरंच हलतं. त्याहून मोठं काही दिसलं तर काय करायचं ते शेवटी लिहिलं आहे.

चौथी : हार-तुऱ्यांचं घड्याळ

एकदा घड्याळ लावून मोजा. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रत्येक पाहुण्याला शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं. मी एका तालुक्याच्या गावी मोजलं होतं: पहिला गावकरी बोलेपर्यंत एक तास पन्नास मिनिटं. तोपर्यंत माणूस प्रेक्षक झालेला असतो, आणि एकदा प्रेक्षक झालेल्याला पुन्हा जागं करायला दुप्पट कष्ट पडतात.

सत्कार पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. गावात मान देणं-घेणं महत्त्वाचं आहे आणि ते डावललं तर माणसं दुखावतात. पण सत्कार शेवटी ठेवा आणि एकत्र उरका. सुरुवातीच्या पहिल्या दहा मिनिटांत गावातल्या किमान पाच जणांचा आवाज ऐकू आला पाहिजे. काहीही असो: आज किती जण कुठून आले, कोणाच्या विहिरीला किती पाणी आहे. आणि सत्कार गावातल्याचाही करा. हातपंप दुरुस्त करणारा, तीस वर्षं बाळंतपणं केलेली आजी. तिच्या हातात नारळ आला की तिच्या गल्लीतल्या सगळ्या बाया सरकून पुढे येतात.

पाचवी : प्रश्न कसा विचारलात

“कोणाला काही शंका?” हा प्रश्नच नाही. त्याचं उत्तर “नाही” हेच असतं, कारण शंका विचारणं म्हणजे आपल्याला कळलं नाही हे चारचौघांत कबूल करणं. त्याऐवजी ज्याचं उत्तर प्रत्येकाकडे नक्की आहे असं विचारा. “तुमच्याकडच्या हातपंपाला मागच्या उन्हाळ्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी होतं?” “रेशनचं धान्य या महिन्यात कोणत्या तारखेला मिळालं?” याला हुशारी लागत नाही, आठवण लागते.

आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. आमच्या सभांमध्ये तीन सेकंदही पुरत नाहीत. मी मनात वीस आकडे मोजते. ती शांतता जड वाटते, सूत्रसंचालकाचा हात माइककडे जातो, पण मोजत राहायचं. पंधराच्या आसपास कोणीतरी घसा खाकरतं.

भाषेचंही इथेच बघा. “सर्वसमावेशक नियोजनात आपला सहभाग अपेक्षित आहे” असं म्हटलं की माणूस मिटतो. वऱ्हाडीत विचारा, वऱ्हाडीत उत्तर येऊ द्या, आणि ते सुधारून शुद्ध करून माइकवर परत सांगू नका. त्या माणसाचे शब्द तसेच वहीत लिहा. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या वस्तीत ही अडचण वेगळीच आहे. या दोन्ही भाषा द्राविडी कुळातल्या, मराठीशी त्यांचं नातं नाही. पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या, म्हाताऱ्या माणसाला मराठी समजते, पण मनातलं मराठीत मांडता येत नाही. तिथे पोडातलाच दोन्ही भाषा येणारा माणूस शेजारी हवा, आणि तोही आधी सांगून ठेवलेला.

सहावी : आवाज

थोडा खर्च आता सुरू होतो. मागच्या माणसाला ऐकूच येत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. उघड्या मैदानात भोंग्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. म्हणून पुढच्यांचे कान बधिर होतात आणि मागच्यांना पुटपुट ऐकू येते. एकच मोठा भोंगा मंचावर लावण्यापेक्षा दोन लहान मध्यावर लावायला सांगा.

शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा भोंगा माइकच्या तोंडाकडे बघत असतो म्हणून. भोंगे माइकच्या पुढे आणि उंचावर, तोंड लोकांकडे. माइकची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाढते, कमी होत नाही. माइक लोकांमध्ये फिरवायचा असेल तर तो भोंग्याच्या समोरून जाणारच, त्यामुळे आवाज थोडा कमी ठेवून माइक ओठांपासून दोन बोटांवर धरायला लावा. बिनतारी माइकचे सेल नवे टाका, जुने सेल नेमके एखादी बाई बोलायला उठली की जातात. ती बसते आणि पुन्हा उठत नाही.

आणि खरं सांगते, माइक हाच कितीतरी जणींना अडथळा असतो. स्वतःचा आवाज भोंग्यातून घुमून ऐकू आला की ती दचकते. जिथे सात-आठ जणी गोल बसल्या आहेत तिथे माइक न्यायचाच नाही.

सातवी : हाताला काम आहे का

माझं सगळ्यात जास्त म्हणणं याच तपासणीबद्दल आहे. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली: माणूस आधी हाताने कार्यक्रमात शिरतो, मग तोंडाने. ज्याने कार्यक्रमासाठी काहीतरी केलं आहे त्यालाच तो आपला वाटतो.

ही आपल्याकडची जुनी रीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायला लागत. त्यांना बघून गावातली माणसं झाडायला येत. कीर्तन रात्री. म्हणजे कीर्तनाला बसेपर्यंत गावाने त्यांच्यासोबत दिवसभर काम केलेलं असे. आणि कीर्तनातही ते समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तर वदवून घेत, पुढचा प्रश्न त्या उत्तरावरच बांधत. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही खंजिरीवरच्या भजनाला आणि सामुदायिक प्रार्थनेला सगळ्यांना सोबत घेतलं. आजही कितीतरी गावांत संध्याकाळच्या प्रार्थनेला अशी माणसं जमतात जी सभेत कधी तोंड उघडत नाहीत. त्यांना सुरुवातीला भजन म्हणायला सांगा. ज्याचा आवाज एकदा सगळ्यांसमोर निघाला, त्याचा दुसऱ्यांदा निघतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. मी सगळ्यात जास्त वापरते तो गावाचा नकाशा, रांगोळीने जमिनीवर काढलेला. पांढरी रांगोळी, थोडा गुलाल, हळद, निंबाची पानं, खडे. खर्च शंभराच्या आत.

झरी जामणीकडच्या एका गावात पाण्यावर बैठक होती. शाळेच्या मैदानावर पोरींनी रस्ता काढला, शाळा काढली, टाकी काढली. पुरुष कडेला उभे राहून सूचना देत होते. एक म्हातारी केव्हाची नुसती बघत होती. नाव विचारलं तर हसली, बोलली नाही. तेवढ्यात एका पोराने नाला सरळ रेघेत ओढला. म्हातारी उठली. लुगड्याचा ओचा सावरून नकाशात शिरली, पायाने ती रेघ पुसली, पोराच्या हातातली रांगोळी घेतली आणि चिमटीने वळण काढत म्हणाली, “नाला असा नाई जात. थो चिंचेपासून वळते.” मग वळणावर एक खडा ठेवून म्हणाली, “अठी झिरा होता. आमी अठूनच पानी भरो.” तिथे झरा होता हे ग्रामपंचायतीतल्या कोणालाही ठाऊक नव्हतं. पुढचा अर्धा तास म्हातारी नकाशाच्या मधोमध उकिडवी बसून बोलत होती आणि सरपंच लिहून घेत होते. त्याच म्हातारीला मी माइक दिला असता तर तिने तो शेजारणीकडे सरकवला असता.

दुसरं साधन तुरीचे दाणे, गावाला आधी काय हवं ते कळायला. चार द्रोण, प्रत्येकावर चित्र: हातपंप, रस्ता, दवाखाना, दिवा. प्रत्येकाला तीन दाणे. पडद्यामागे जाऊन टाकायचे, म्हणजे कोणी कशाला टाकले ते सासूला, नवऱ्याला, पुढाऱ्याला दिसत नाही. दाणे सगळ्यांसमोर मोजायचे, मोजणारे दोघे त्यांच्यातलेच. पडदा विसरू नका. पडद्याशिवाय केलं तेव्हा सगळे दाणे पुढाऱ्याला हव्या त्याच द्रोणात पडले आणि मला ते निकाल फेकून द्यावे लागले.

कामं वाटतानाही एक चूक आपण हमखास करतो. स्वयंपाकाला बचत गटाच्याच बाया बसवतो. मेळावा त्यांचा, आणि त्या चुलीपाशी. त्यांना मंडपातलं अक्षरही ऐकू येत नाही. आचारी लावा, नाहीतर झुणका-भाकरीचा बेत बदलून मसालेभात करा आणि तो पुरुषांकडे सोपवा. रडणारी लेकरं सांभाळायला मंडपाच्या बाजूला एक सतरंजी आणि तिथे दोन मोठ्या पोरी. एवढ्याने वीस आया दोन तास निवांत बसतात.

आठवी : लहान गट

दीडशे माणसांत बोलायला धाडस लागतं, सात जणांत लागत नाही. पंधरा मिनिटांसाठी माणसं सातासातात वाटा. बायांचे गट वेगळे, आणि शक्य असेल तर सासू आणि सून वेगळ्या गटांत. तरुण पोरांचा गट वेगळा. प्रत्येक गटाला एकच प्रश्न, दोन नाही. गटाचं म्हणणं कोण सांगणार हे गटालाच ठरवू द्या, फक्त जो रोज बोलतो त्याला ते काम देऊ नका. तिथे थोडं ठाम राहावं लागतं. मी म्हणते, “काकाजी, तुमचं तर नेहमीच ऐकतो, आज तुम्ही वेळ मोजा.” घड्याळ हातात दिलं की तेही खूश असतात आणि सगळ्यांना वेळ नीट मिळतो.

नववी : सभेच्या आधीची सभा

इथून पुढे पैसा कमी, पण दिवस लागतात. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे. २००९ मध्ये त्यांना साधारण अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, हे पुष्कळांना माहीत असतं. पण तिथल्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यास गटांत त्या विषयाची उलटसुलट चर्चा झालेली असते, हा भाग फार कोणी सांगत नाही. सभेत येणारा माणूस विषय पहिल्यांदा ऐकत नसतो, म्हणून त्याला मत असतं.

आपल्याकडे ग्रामपंचायत कायद्यातच ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. कितीतरी ठिकाणी ती रजिस्टरात सह्या घेऊन उरकतात. ती खरी घ्या. आदल्या दिवशी दुपारी, एका घराच्या ओसरीवर, वीस बाया. विषय सांगा, त्यांचं म्हणणं लिहा, आणि उद्या ते कोणत्या दोघी मांडणार ते ठरवा. त्या दोघी उद्या एकट्या नसतात, मागे अठरा जणी आहेत हे त्यांना ठाऊक असतं. घरोघरी जाऊन दिलेलं बोलावणंही याच कामात येतं. दवंडी कानावर पडते, पण “ताई, तुम्ही आल्या नाहीत तर विहिरीचं कोण सांगेल?” असं दारात येऊन म्हटलेलं मनात राहतं.

दहावी, आणि सगळ्यात अवघड : मागच्या वेळचं काय झालं

वरचं सगळं नीट करूनही माणसं गप्प असतील तर बहुतेक वेळा कारण हेच. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी नकाशा काढला, गट पाडले, वीस आकडे मोजले. शेवटी एक काकू म्हणाल्या, “मांगच्या वेळी बी असंच लिहून नेलं होतं ना बाई. मंग काय झालं त्याचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथे आधी दुसऱ्यांनी तीन बैठका घेतल्या होत्या आणि परत कोणी तोंड दाखवलं नव्हतं.

यावर उपाय एकच. सभेची सुरुवात मागच्या सभेच्या वहीपासून करा. कोण काय बोललं ते नावासकट वाचा, आणि प्रत्येकासमोर सांगा: झालं, चालू आहे, झालं नाही. झालं नसेल तर का नाही ते स्पष्ट सांगा. “अर्ज पंचायत समितीत पडून आहे, मी दोनदा गेले” हे ऐकून माणसं रागावत नाहीत, विचारतात की सोबत कोण येऊ. त्या काकूंच्या गावात मला पुढचे तीन महिने सभा न घेता नुसतं एक काम धसाला लावावं लागलं. नालीवरचे ढापे, एवढंच होतं. ढापे बसल्यावर सभा घेतली. काकू पहिल्या रांगेत होत्या.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

मंडपाच्या लोखंडी खांबाला किंवा माइकला झिणझिण्या आल्या तर कार्यक्रम त्याच क्षणी थांबवा, मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमन येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका. पावसाळ्यात ओल्या मैदानावर तर अजिबात नाही.

उन्हात कोणी बरळायला लागलं, अंग तापलं आणि शुद्ध हरपत चालली तर १०८ ला फोन. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत घ्या, अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नका.

वस्तीतल्या लोकांना बोलल्याबद्दल धमकावलं जात असेल, कोणाचं पाणी-किराणा बंद केलं असेल, तर ती सभेच्या तंत्राने सुटणारी गोष्ट नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांच्या प्रतिबंधाचा १९८९ चा कायदा आहे. पोलिसांकडे आणि वकिलाकडे जा. त्या माणसाला पुन्हा माइकसमोर उभं करून त्याचा धोका वाढवू नका.

गणपूर्ती, विषयपत्रिका, खोटी इतिवृत्तं असा ग्रामसभेच्या कायद्याचा गुंता असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. त्यावर मंडपात वाद घालू नका.

आणि लहान गटात बाया बोलायला लागल्या की कधी कधी असं काही बाहेर येतं ज्याची आपण तयारी केलेली नसते. एकदा गटात पिकावर बोलता बोलता एक सून रडायला लागली. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी जीव दिला होता आणि आता तीच घरात नुसती बसून असते, झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही, असं म्हणाली. गट तिथेच थांबवला. बाकीच्या बायांना चहाला पाठवलं. मी आणि आशाताई तिच्याजवळ बसून राहिलो, उपदेश केला नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो, तिथूनच तो लावला आणि फोन तिच्या हातात दिला. घरातली मारहाण बाहेर आली तर १८१, लेकराबद्दल काही असेल तर १०९८. दुसऱ्या दिवशी आशाताई तिला उपजिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. मेळाव्याचे उरलेले विषय आम्ही त्या दिवशी घेतले नाहीत, पंधरा दिवसांनी घेतले.